एका लुगड्यापायी

माय,

परवा दुपारी माझ्या दारात एक मांजर येऊन बसलं. करडं, हाडं निघालेलं, गळ्याखाली लिंबाएवढी सूज. मी वाकणार तेवढ्यात नात आतून ओरडली, "आज्जी, हात लावू नको बिलकुल!" ही पोरगी परभणीला जनावरांची डॉक्टरकी शिकते, सुट्टीत आली आहे. तिनं हातमोजे चढवले, खोक्यात जुनं धोतर अंथरलं, पाणी ठेवलं आणि खोकं मागच्या अंगणात सगळ्यांपासून लांब नेलं. आजारी मांजर दारात आलं की आधी आपला हात सांभाळायचा, मग मांजर, असं तिचं म्हणणं. दवाखान्यात नेईपर्यंत ती सूज कुणी दाबायची नाही, फोडायची नाही. मी म्हटलं, "अगं, गळू तर हाय. फोडलं की मोकळं होईल." तर तिनं मलाच शिकवलं. म्हणाली, पूर्वी उंदीर खाऊन मांजरांनाही प्लेग व्हायचा, गळ्याखाली अशाच गाठी यायच्या. तो पू माणसाच्या चिरलेल्या बोटाला लागला तर त्या माणसाला बहुतेक काखेत गाठ यायची, आणि पायाला पिसू चावली तर जांघेत. ती घडाघडा बोलत होती. तुझी गाठ काखेत होती.

तुला जाऊन सत्तर वर्षं झाली आणि आपल्या माणसांत तुझं नाव एकाच कारणानं निघतं. गाठीच्या साथीत गाव रिकामं केलं, बंदी होती तरी ही बाई लग्नातलं लुगडं आणायला चोरून घरात गेली आणि रोग घेऊन आली. आत्या तर मी हौसेनं काही मागितलं की म्हणायची, "एका लुगड्यापायी जीव घालवला तुझ्या मायनं, तू तसली हावरी होऊ नको." तुझा लेक तेव्हा अंगावर पिणारा होता. तो हेच ऐकत वाढला. आता त्याचे केस पांढरे झाले, पण पितृपक्षात अविधवा नवमीला तो तुझं पान वाढत नाही. जिला लेकरापरीस लुगडं प्यारं, तिला पान कशाला, असं म्हणतो. मी दर वर्षी ते ऐकते.

ती छपरं मला अजून दिसतात. घराघरांत उंदीर मरून पडले तशी तालुक्याहून, जाफराबादहून, हुकूम आल्याची दवंडी फिरली आणि दोन दिवसांत सगळं गाव रानात गेलं. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या भिंती, वर कडबा, आत आपण चौघं आणि आत्या. मी नऊ वर्षांची. दिवसभर तू कापूस वेचतेस, बोंडांच्या टोकांनी तुझी बोटं चिरलेली, रात्री त्यांना तेल लावून झोपतेस. गावातली माणसं निघाली तरी मांजरं मागंच राहिली होती, कुत्रं माणसाला धरतं आणि मांजर घराला. म्हणून ओढ्याकाठी मला ते पिवळं मांजर दिसलं तेव्हा नवल वाटलं. ते झोकांड्या खात होतं आणि त्याच्या गळ्याखाली सूज होती. मी ते परकरात घालून आणलं. आत्या आणि बाप शेताच्या पार पलीकडच्या टोकाला होते.

"कुठून आणलंस हे? टाक जा तिकडं."

"मरंल की गं ते."

"मंग मरू दे. माणसं मरून राह्यली, तुला मांजराची पडली."

मी रडले नाही. नुसती तुझ्यापुढं बसून राहिले. अर्ध्या गावाची गळवं तू फोडायचीस, तुझ्या हाताला गुण आहे असं लोक म्हणायचे, आणि मला तुझी ती खोड ठाऊक होती. सुजलेलं काही दिसलं की तुझा हात आपोआप तिकडं जायचा. थोड्या वेळानं तू चुलीवर हळद-पिठाचं पोटीस शिजवलंस, ते बांधलंस, आणि दुसऱ्या दिवशी ते दोघं पुन्हा पलीकडं गेल्यावर बाभळीचा काटा घेऊन बसलीस. "पोत्यात गुंडाळ त्याला. पाय धर बराबर. तोंड तिकडं कर, तुझ्यावर उडंल." काटा टोचलास आणि दोन्ही हातांनी दाबलंस. माझ्यावर थेंबसुद्धा उडू दिला नाहीस. तू राखेनं हात घासलेस आणि लेकराला पाजायला घेतलंस. त्याला काही झालं नाही.

तिसऱ्या दिवशी तुला ताप भरला. लांबच्या खोपीत तुला एकटीला ठेवलं, आम्हाला जवळ येऊ देत नव्हते. मी बांधावर उभी राहायची. एकदा तू मान वळवून विचारलंस, "मांजर खातंय का गं?" मी हो म्हटलं. ते खरंच खात होतं, मी त्याला कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली लपवून भाकरी घालत होते. त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. तीन दिवसांत तू गेलीस, दुपारी, लोक जेवायला बसले होते तेव्हा.

तुला जाळून आल्यावर आत्या डालग्यापाशी थांबली. आतून आवाज आला होता, आणि ते मांजर छपराशी फिरताना तिनं आधी पाहिलं होतं, पण आणलं कुणी ते तिला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "एकटी हिलाच कशी झाली? हे मांजर आलं तव्हापासून झालं. पाप लागलं तर लागू द्या, हे पोत्यात घालून पेटवलं पाहिजे." मग माझ्याकडं वळली. "का गावात गेल्ती तुझी माय?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, "गेल्ती."

"काय आणाया?"

"लग्नातलं लुगडं."

बापानं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. पुढं गावात परत आलो, पेटी उघडली, तर लुगडं जसंच्या तसं घडी घातलेलं. मला वाटलं, आता सुटलीस तू. बाप म्हणाला, "हातात घेऊन परत ठिवलं असंल." एकदा बसलेलं खोटं कसं हलत नाही ते मी त्या दिवशी पाहिलं. माझ्या लग्नात त्यानं तेच लुगडं मला दिलं आणि मी नेसले. मांजराला मग कुणी हात लावला नाही, ते तेव्हाच, गाठ वाळल्यावर आठ दिवसांत, रानातूनच निघून गेलं, एकदाही मागं न बघता.

काल तुझा लेक आला होता. नातीनं त्याला मांजराची सगळी हकीकत सांगितली. त्यानं नुसतं हं केलं, त्याला काय कळणार. माझ्या तोंडाशी आलं होतं सगळं.

"आक्का, काय म्हणून राह्यली?"

"चहा ठेवू का?" मी म्हटलं.

सकाळी वाटलं होतं, हा कागद त्याच्याकडं पाठवावा, येत्या नवमीला तरी तुझं पान पडेल. आता पाठवणार नाही. त्याच्या डोळ्यांतून मी उतरेन, आणि म्हातारपणी मला तेवढा एकच भाऊ आहे.

आणि एक राहिलं. मांजराचा जीव वाचवायला मी खोटं बोलले असं वाचताना वाटेल, मीही इतकी वर्षं स्वतःला तसंच सांगत आले. ते खरं नाही, माय. मांजरावरच आळ राहिला असता तर आत्यानं पुढं विचारलं असतं, ते आणलं कुणी. मला मार पडला असता.