आठव्या भोकाचं माप

मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. आठ भोकांची ती मेली लोखंडी पट्टी! मागच्या महिन्यात मी तिचं ड्रॉइंग केलं, तेव्हा प्रत्येक भोकाचं माप डाव्या कडेपासून दिलं होतं. आमचे मुख्य ड्राफ्ट्समन जोगळेकर साहेब म्हणाले, "अहो बाई, हे ड्रॉइंग आहे का मार्केट यार्ड? केवढी ही आकड्यांची गर्दी!" आणि लाल पेन्सिलनं भली मोठी फुली मारली. एका भोकापासून पुढच्या भोकाचं अंतर द्या, त्यापुढे 'सात वेळा' लिहा, संपलं. मी म्हटलं, प्रत्येक अंतरात केसभर फरक चालवून घेतात, तो पुढे साठत जाईल. "तुम्ही काढा हो." काढलं.

आज हडपसरच्या गिऱ्हाइकाकडून पट्ट्या परत आल्या. पहिले बोल्ट बसतात, आठव्या भोकात बोल्ट शिरतच नाही. साहेब सगळ्यांसमोर मला म्हणाले, "मापं एका कडेपासून द्यायची असतात, एवढंही कळत नाही?"

ती लाल फुली तिथंच दाखवायला हवी होती...

जागेवर आले, कपाटातून तो जुना कागद काढला आणि फुली खोडरबरानं घासली. पुरती गेली नाहीच, फिकट लाल राहिली. तसाच कागद साहेबांपुढे ठेवला.

त्यांनी चष्मा पुसून पाहिलं आणि मान डोलावली. "बघा, नीट समजावून सांगितलं की जमतं तुम्हाला."