तुळईखालच्या बारा जणी

मी, शेवटी सही करणारी, वय वर्षं एकाहत्तर पूर्ण, धंदा शिवणकाम, नवरा वारलेला, मूलबाळ नाही, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. कोणी भरीस घातलेलं नाही, कोणी धाक दाखवलेला नाही. मन शाबूत आहे. शांत आहे असं मात्र लिहिणार नाही, कारण मृत्युपत्रात खोटं लिहू नये एवढं मला कळतं. गेले पाच महिने मी भीतीने अर्धी झाले आहे. यापूर्वी मृत्युपत्र केलं असल्यास ते रद्द समजावं. केलेलं नाही, पण असं लिहायची पद्धत आहे.

मी गेल्यावर हे आमच्या पाळकसाहेबांनी रविवारच्या उपासनेत सगळ्या मंडळीसमोर मोठ्याने वाचावं. मधलं काही गाळू नये. त्यांना गाळायची सवय आहे.

कलम १. राहतं घर, दोन खोल्या आणि मागची मोरी, माझ्या धाकट्या बहिणीला द्यावं. ती या वयात भाड्याच्या खोलीत राहते आणि खोलीचा मालक दरवर्षी तिला हुसकावायला बघतो. माझ्या दिरांनी हक्क सांगायला येऊ नये. नवऱ्याच्या आजारपणात ते एकदाच फिरकले, तेही शिडी मागायला.

कलम २. शिलाई मशीन आणि तिन्ही कात्र्या धाकटीलाच. मोठ्या कात्रीने कागद कापू नये. आईचं लोखंडी कपाटही तिलाच. आई गेल्यावर ते मी न विचारता माझ्याकडे उचलून आणलं, तेव्हापासून आम्ही बहिणी कामापुरतंच बोलतो. कपाटाच्या खालच्या कप्प्याची कडी अडकते, ती वर उचलून ओढावी.

कलम ३. बँकेत जे काही असेल ते सगळं चर्चच्या सज्ज्यावरची तुळई बदलायला द्यावं. रंग, पंखे, फाटक, पाहुण्यांचं चहापाणी यांना त्यातला छदाम मिळू नये. तेवढ्याने भागणार नाही. उरलेलं मंडळीने वचन देऊन उभं करायचं आहे. ते का, हे आता लिहावं लागणार. हात धजत नव्हता, म्हणून आधी कपाटाचं लिहिलं.

कलम ४. आमच्या चर्चमध्ये वर्षातून एका रविवारी घरटी एक वचनपत्रिका देतात. वर्षभर दरमहा आपण काय देऊ ते तीवर लिहायचं, सही करायची, पेटीत टाकायची. सक्ती नाही. सक्ती नाही म्हणूनच कोणीतरी उभं राहून मागावं लागतं, आणि ते काम अठ्ठावीस वर्षं माझ्याकडे आहे. पाळकसाहेब मागायला लागले की लोक आपापली नखं बघतात. मी मागायला लागले की पेन शोधतात. पाठीमागे मला ‘भोंगा’ म्हणतात, ठाऊक आहे मला. मी गोड बोलून कधी मागितलंच नाही, घाबरवून मागितलं. दिवे कापतील, पाळकसाहेब बदली मागून घेतील, तुमच्या पोरांची लग्नं दुसऱ्यांच्या चर्चमध्ये रांग लावून उरकावी लागतील, असं काय काय मी सांगत आले.

अकरा वर्षांपूर्वी मात्र माझी मात्रा चालेना. पेटी अर्धी राहिली. पुढच्या शनिवारी दुपारी मी झाडलोटीला एकटी होते. मधल्या रांगेवरचा गिलावा जरा फुगला होता. माझा नवरा गवंडी. त्याने बघून सांगितलं होतं की नुसता पोपडा आहे, छप्पर आपल्या दोघांना पुरून उरेल. मी जाळी काढायचा बांबू घेतला आणि तो पोपडा टोचून टोचून पाडला. चांगला परातीएवढा तुकडा बाकावर आला. बांबू जागच्या जागी ठेवला, हात धुतले. दुसऱ्या दिवशी तो तुकडा धरून सगळ्यांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, “हा काल पडला. आज पडला असता तर कोणाच्या डोक्यात, ते नाव ज्याने त्याने मनात घ्या.”

त्या दिवशी पेटीत पत्रिका मावल्या नाहीत. बाया डोळे पुसत लिहीत होत्या. माझ्या धाकटीने ऐपतीच्या बाहेरचं वचन लिहिलं. ती तेव्हा लाँड्रीत कामाला होती. ते वचन पुरं करायला तिने तीन वर्षं दुसरी पाळी केली. सोड्याच्या पाण्याने हातांना पडलेल्या भेगा अजून भरल्या नाहीत. दर रविवारी ती माझ्याशी हात मिळवते तेव्हा त्या मला लागतात. पोपडा मी पाडला, हे आजवर मी कोणालाही सांगितलेलं नाही.

कलम ५. आमचे मुख्य पंच, फरशीचं दुकान असलेले, म्हणून फरशीवाले. पैसा जमल्यावर पंचांच्या बैठकीत ते म्हणाले की छप्पर थांबू शकतं, आधी ऑर्गन घेऊ. छप्पर धड आहे हे त्या खोलीत एकट्या मला ठाऊक होतं, म्हणून मीही मान डोलावली. माझी खरी चूक ही. तेव्हा जाणता माणूस बोलावून वर चढवला असता तर वाळवी तेव्हाच सापडली असती.

पाच महिन्यांपूर्वी सुतार सज्ज्यातलं बाक दुरुस्त करायला वर गेला. सज्जा म्हणजे मागच्या बाजूचा लाकडी मजला, तिथे गायनमंडळातल्या बारा जणी बसतात. त्यांतली कडेची माझी धाकटी. सुताराने वरच्या तुळईला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला. त्याने पंचांना सांगितलं. फरशीवाले हसले. अकरा वर्षांपूर्वीही छप्पर पडणारच होतं, पडलं का, असं त्यांनी विचारलं. मग मी उपासनेनंतर उभी राहून सगळ्यांना सांगितलं. लोक गालातल्या गालात हसले. एकाने मला दारात गाठून सुचवलं की मावशी, या वर्षी काहीतरी नवीन काढा.

धाकटीला बाजूला घेऊन म्हटलं, वर बसू नकोस. ती म्हणाली, “कपाट घेतलंस. आता गाणंही घेतेस का?”

तेव्हापासून मला रविवार नको झाला आहे. ऑर्गनचा खालचा सूर लागला की तुळईतून भुसा पडतो. धाकटी तो वहीवरून रुमालाने झटकते आणि गात राहते. मी खाली बसून कडवी मोजते. शेवटचं कडवं संपेपर्यंत माझा जीव भांड्यात पडत नाही. घरी वाऱ्याने दार आपटलं तरी मी सुई टाकून उभी राहते.

कलम ६. मंडळीला विनंती. पुढच्या वचनाच्या रविवारी पत्रिका वाटतील. त्या भरा. मी पहिल्यांदाच खरं सांगून मागते आहे आणि मला ते नीट जमत नाही, सवय नाही. अकरा वर्षांपूर्वीचे पैसे ज्यांना परत हवे असतील त्यांनी फरशीवाल्यांकडून ऑर्गनची एकेक पट्टी उचलून न्यावी. राग माझ्यावर काढा, पत्रिकेवर नको. आमच्यात पुरू नका हिला, म्हणालात तरी चालेल. फक्त त्या बारा जणींना आधी खाली बसवा, मग काय ते भांडा. तुळई बदलेपर्यंत माझी शवपेटी चर्चच्या आत नेऊ नये. बाहेर उभ्याउभ्या प्रार्थना करावी.

कलम ७. आज शुक्रवारी दुपारी दोन साक्षीदार घरी बोलावले, डॉक्टरीणबाई आणि सुतार. दोघांनाही यात काही ठेवलेलं नाही, तसा नियम आहे. डॉक्टरीणबाईंनी मन शाबूत असल्याचा दाखला दिला. वर हौसेने छाती, नाडी, रक्तदाब सगळं तपासलं आणि खूश होऊन म्हणाल्या की अजून दहा वर्षं सहज काढाल. मला दरदरून घाम फुटला. सुताराने कागद शेवटपर्यंत वाचला आणि पेन खाली ठेवलं. “मावशी,” तो म्हणाला, “तुम्ही दहा वर्षं थांबाल. ती तुळई थांबायची नाही.”

मला हे कळत नव्हतं असं नाही. मेल्यावर वाचतील तेव्हा कोणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही, धाकटीच्या तर मुळीच नाही, एवढ्यासाठीच मी मृत्युपत्र लिहायला घेतलं. इतकी मी भित्री आहे. सबब, वर दुसऱ्या परिच्छेदातले ‘मी गेल्यावर’ हे शब्द मी खोडले असून शेजारी सही केली आहे.

कलम ८. हे कलम चर्चच्या आवारात पायरीवर बसून लिहीत आहे, अक्षराला हसू नये. शुक्रवारी पाचला गायनमंडळाची तालीम असते. सही साक्षीदारांच्या समोर व्हावी लागते, म्हणून दोघंही माझ्यामागे आले. सुतार डॉक्टरीणबाईंसह जिन्याखालीच थांबला. वर माणसं कमी करायची आहेत, वाढवायची नाहीत, असं म्हणाला. मी चढले. ऑर्गन थांबवायला लावला आणि बारा जणींसमोर कलम चार वाचायला घेतलं. कागद इतका हलत होता की एक ओळ दोनदा वाचली. बांबूपाशी कोणीतरी तोंडावर हात नेला. लाँड्रीची ओळही गाळली नाही.

धाकटीने वही मिटली. “तीन वर्षं, ताई,” एवढंच म्हणाली. मी हो म्हटलं. माझ्या खांद्यावर भुसा पडला आणि मी बाकाची पाठ घट्ट धरली. जिना चार पावलांवर होता. पळावंसं फार वाटत होतं. ती हलेपर्यंत आपण हलायचं नाही, एवढंच मी ठरवून आले होते.

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, “तेव्हा तो तुकडा धरून उभी होतीस ना, तुझा हात जरासुद्धा हलत नव्हता. मला तेव्हाच नवल वाटलं होतं.”

आणि ती उठली. बाकीच्या जणींना म्हणाली, “चला गं, खाली उतरा. एकेक करून.”

सगळ्यात शेवटी ती उतरली. आवारात आल्यावर तिने माझ्या पिशवीतून एक वचनपत्रिका काढली, गुडघ्यावर ठेवून भरली, सही केली, आणि ती माझ्या हातात न देता सुताराच्या हातात दिली.

लिहून देणार: कपडे शिवणारी, उर्फ भोंगा. (सही)

साक्षीदार पहिला: सुतार. (सही)
साक्षीदार दुसरी: डॉक्टरीणबाई. (सही)

ठिकाण: चर्चचं आवार.
दिवस: वचनपत्रिकांच्या रविवारआधीचा शुक्रवार, संध्याकाळचे सहा. सज्ज्यात कोणी नाही.