बेहड्याखालचा सौदा

समता कॉलोनी, रायपूर
२३ फेब्रुवारी २०१४

प्रिय सुशील,

बाबा गेल्याचं तुला माझ्या नवऱ्याने, गौतमने फोनवर कळवलं. मी शेजारच्या खोलीत बसून ऐकत होते. तू आला नाहीस. मला नवल वाटलं नाही. उलट मनात आलं, ज्याच्या मनात पाप तो येईल कसा. हे पत्र पूर्ण वाच, मग मला काय म्हणायचं ते म्हण.

मी आता नव्या राजधानीतल्या एका ऑफिसात आहे, रोज बसने जाते. तिथे कांताबाई नावाची शिपाई आहे. अभनपूरकडची जी गावं राजधानीत आली, त्यातल्या एका गावची. बाबांना जाऊन बारा दिवस झाले होते. टेबलावर पाणी ठेवताना ती म्हणाली, “दीदी, रेल्वेवाले दयाराम तुमचेच बाबूजी ना? हमर गाँव के रक्सा तुमन ला बलावत हे.” म्हणजे त्यांच्या गावचा रक्सा मला बोलावतोय. गावाबाहेरच्या बेहड्याच्या झाडाखाली म्हणे एक रक्सा राहतो, आपण राक्षस म्हणतो तसा. मेलेली माणसं त्याच्याकडे सौदा करायला येतात. तो मागेल ते घेतो, पण त्याला खोटं बोलता येत नाही.

बाबांच्या घरात भूत हा शब्दसुद्धा चालत नव्हता, तुला ठाऊक आहे. देव, भूत, भगत सगळं सोडून आलेली माणसं आपण. मला पहिला संशय तुझाच आला. वाटलं, तूच या बाईला पढवलंस, बाप गेल्यावर आता स्वतःला निर्दोष ठरवायला. आठवडाभर तिच्यावर नजर ठेवली. तिचा फोन वाजला की कान द्यायची. एकदा तिच्या मोबाईलमधले नंबरही चोरून पाहिले. तुझा नव्हता. मग जेवणाच्या सुट्टीत मीच म्हटलं, चल.

भर दुपार होती. नवा रस्ता त्या झाडाला वळसा घालून गेलाय. खाली एक उंच, राखेच्या रंगाचा म्हातारा बसला होता. आमच्या सावल्या पायाशी गोळा झाल्या होत्या, त्याची मात्र पार रस्त्यापर्यंत पसरली होती. कांताबाई दूरच थांबली. तो बोलला ते आपल्या घरच्या बोलीत, आणि तेच मला खटकलं. मी म्हटलं, हे झाड कडुनिंबाचं आहे असं म्हणून दाखव. त्याने तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांतून पाणी आलं, पण शब्द फुटला नाही. धापा टाकत तो म्हणाला, “बेहडा आहे. काहून छळून राहिली पोट्टे? इचार काय ते. तुझ्या बापानं किंमत देल्ली आहे.”

मग मी विचारलं, बीरगावच्या पाणी भरलेल्या खदानीत त्या दिवशी काय झालं?

सुशील, तू सतरा वर्षांचा होतास, आपला धाकटा यशदीप बारा. आई नव्हती, त्याला मीच वाढवलं होतं. तू एकटा ओलाचिंब परत आलास आणि सांगितलंस की यश पाय घसरून पडला, मी उडी मारली, त्याचा हात शेवटपर्यंत सोडला नाही, मी पण बुडालोच होतो, मग खालून कोणीतरी मला वर ढकललं. बाबा म्हणाले, “मले तुह्या डोळ्यात खोटं दिसते.” वर्षभर ते तुझ्याशी बोलले नाहीत. मग तू भुसावळला निघून गेलास.

रक्सा म्हणाला, तुम्ही दोघेही बुडत होता. यश आधी गेला. गेल्या गेल्या त्याने सौदा केला, माझ्या भैयाला वर सोड. रक्साने किंमत सांगितली: भैया जे खरं सांगेल त्यावर त्याच्या बापाचा विश्वास बसणार नाही, बाप जिवंत असेपर्यंत. पोरगं लगेच हो म्हणालं. मी विचारलं, असली किंमत कशाला मागतोस? म्हणाला, “मी जन्मभर खरं बोलतो तरी कोणी माह्यावर विश्वास ठेवत नाही. म्हणून मी दुसऱ्यांचा घेतो.”

बाबाही मेल्यावर त्याच्याकडे गेले होते. त्याच्याकडून खरं कळल्यावर त्यांनी सौदा केला, की हे माझ्या पोरीला सांग. बदल्यात यशच्या साऱ्या आठवणी देऊन गेले. आता तिकडे यश समोर आला तरी बाबांना तो ओळखू येणार नाही. हे ऐकून मी खालीच बसले. कांताबाई धावत येऊन मला उठवू लागली.

आणि तरीही, सुशील, त्या क्षणी मला आतून मोकळं वाटलं. वाटलं, म्हणजे आपला काही दोष नव्हता. बाबांवर होतं तेच बंधन माझ्यावरही असणार. मी म्हटलं, बाबा गेले, सौदा संपला, मग माझा विश्वास मला परत दे. तो म्हणाला, “तुहा तं मी मागितलाच नव्हता. जे घेतलंच नाही, ते वापस कसं देऊ?” मी पुन्हा पुन्हा विचारलं, उत्तर तेच. त्याला खोटं बोलता येत नाही.

हे सांगायलाच पत्र लिहितेय. बाबा बांधलेले होते, मी नव्हते. त्या सकाळी सायकलच्या भांडणात तू यशच्या थोबाडीत मारली होतीस. मी ते पाहिलं होतं आणि अठरा वर्षं त्याच एका थपडेवरून तुला खुनी ठरवत आले. त्या घरात निदान एक माणूस तुझं ऐकू शकत होतं. ते मी होते, आणि मी ऐकलं नाही. माफ कर असं लिहीत नाही, तो तुझा प्रश्न आहे. येत्या रविवारी मी भुसावळला येते. दार उघडलंस तर खदानीवर काय झालं ते पहिल्यापासून सांग. मला ते त्या झाडाखाली कळलंय, पण तुझ्या तोंडून मी ते कधी ऐकलंच नाही.

तुझीच ताई,
स्नेहल