थिर्झाच्या कॉर्सेटातली गादी

प्रिय केझायाताई,

आपल्या थिर्झाला बघायला सगळ्यांत आधी आली ती मुलाची आई, पार्गेटरबाई. मुलगा मागून आला. बाईने आल्या आल्या पोरीला मिठी मारली आणि तिची पाठ चाचपत राहिली. मला संशय आलाच. नातीची पाठ वाकडी, ती सरळ दिसावी म्हणून मी तिच्या कॉर्सेटात, त्या आतल्या घट्ट चोळीत, डावीकडे लोकरीची गादी शिवलीय ना! म्हटलं, मोडलं लग्न.

तर बाई माझ्या कानाशी येऊन म्हणते, "आजी, गादी कुणी शिवली? माझी मेली सारखी सरकते."

मला बोलतं करायला खोटंच म्हणाली असेल, म्हणून मीही तिला घट्ट मिठी मारली. ताई, खरंच गादी होती गं, उजवीकडे! इतकी हसले!

तुझे गुडघे कसे आहेत?

पार्गेटरबाई गुरुवारी पुन्हा येतेय, स्वतःचा कॉर्सेट माझ्याकडे दुरुस्तीला घेऊन.

तुझी धाकटी,
मर्सी