मे महिन्यात मला पलीकडे नेऊ नये

मी, सागिंदिक एस्पेनबेतउली, वय चौऱ्याहत्तर, पूर्वीचा धंदा शिकार, हल्लीचा धंदा खोकला, राहणार सारीकुदुकची हिवाळी वस्ती, बेतपाक-दला, कझाकस्तान, आज राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवतो. फुप्फुसं गेली आहेत, डोकं गेलेलं नाही. गावच्या नर्स मेन्सुलूबाईंनी सकाळी खात्री करून घेण्यासाठी मला आजचा वार, तारीख आणि त्यांच्या सासूचं माहेरचं नाव विचारलं. तिन्ही बरोबर सांगितली. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही, कारण यापूर्वी मरणाची कधी घाई नव्हती.

कलम पहिले. सारीकुदुकचं मातीच्या विटांचं तीन खोल्यांचं घर, गोठा, गोड्या पाण्याची विहीर आणि समोरच्या कुरणाचा सरकारी भाडेपट्टा, हे सर्व मी माझी मुलगी अकमारल हिला देतो.

बापाची चूल धाकट्या मुलाची, हा आमच्यातला रिवाज आहे. तो मला कोणी शिकवू नये. मी स्वतः धाकटाच होतो आणि त्याच रिवाजाने हे घर मला मिळालं. धाकटा मुखित काल हे ऐकून उभाच राहिला.

"बाबा, लोक काय म्हणतील? बापाने जिवंतपणी धाकट्याला चुलीवरून उठवलं म्हणतील!"

"म्हाताऱ्याला भ्रम झाला म्हणतील. म्हणून तर नर्सला बोलावलंय."

"हरणांसाठी पोटच्या पोराला बाहेर काढताय तुम्ही."

तेवढ्यात मला खोकला आला. उत्तर इथे देतो. मुखित, तू शहरातल्या त्या माणसाला कुरण द्यायचं कबूल केलंस. तो इथे खोंड पोसणार आणि भोवती तारेचं कुंपण घालणार. धंदा म्हणून त्यात वाईट काही नाही. पण सायगा ही लोंबत्या नाकाच्या हरणांची जात तार ओलांडून उडी मारत नाही. ती तारेपाशी येते, थांबते आणि परत फिरते. इथून परत फिरली, तर व्यायला कुठे जाईल हे मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही आणि त्या माणसाला तर सायगा नाकाने ओळखायची की शेपटीने, तेही माहीत नाही.

अकमारल सायगांच्या राखणीच्या सरकारी पथकात चौदा वर्षं आहे. तिने लग्न केलं नाही यावर गावाने भरपूर चहा प्यायला आहे. आता पुरे.

तिला अटी तीन. कुरणाला तार लागणार नाही. नांगर लागणार नाही. विहिरीचं पाणी मागणाऱ्याला मिळेल, मग तो माझ्याशी भांडलेला का असेना.

कलम दुसरे. अकरा घोड्या, एक वळू घोडा, आणि कारागांदी शहरातलं दोन खोल्यांचं घर मुखितला. बँकेतली शिल्लक दोघांत सारखी. घोड्यांपैकी पांढऱ्या पायांची घोडी डावीकडून बसू देत नाही, हे विकताना गिऱ्हाइकाला सांगावं. मला विकणाऱ्याने ते सांगितलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

कलम तिसरे. माझी बंदूक मी मागच्या महिन्यात तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जमा केली आहे. पावती सोबत जोडली आहे. ती कोणी सोडवून आणू नये.

बंदुकीबद्दल बोलायचं तर सगळंच बोलावं लागेल, म्हणून कागद जास्त घेतले आहेत.

माझ्या वडिलांनी मला नेम धरायला शिकवण्याआधी एक गोष्ट शिकवली. "मादीवर कधी नेम धरायचा नाही. पाडसाच्या आईला मारलं, तर त्या घरात मूल टिकत नाही." हा नियम माझ्या आजोबांचा होता आणि त्यांच्या आजोबांचाही. मी तो आयुष्यात एकदाही मोडला नाही. लग्नात, मयतीत, कुठेही चार माणसांत बसलो की मी छाती फुगवून सांगायचो, सागिंदिकच्या हातून एकही आई मेलेली नाही.

मग सोव्हिएत राज्य गेलं आणि मी नोकरीला होतो ते सरकारी पशुपालन बंद पडलं. शेवटचा पगार म्हणून मला रबरी बुटांचे सहा जोड मिळाले, त्यातले चार डाव्या पायाचे. त्या हिवाळ्यात शहरातून एक सोन्याच्या दाताचा माणूस आला. त्याला मांस नको होतं, कातडं नको होतं. त्याला फक्त शिंगं हवी होती, चिनी औषधांत घालायला. बदल्यात पीठ, साखर आणि कोळसा.

सायगाच्या मादीला शिंगं नसतात. म्हणजे मादी मारायचं कारणच नव्हतं. नियमही पाळला जात होता आणि घरात पीठही येत होतं. मला वाटलं, वाडवडिलांचा आशीर्वाद म्हणतात तो हाच.

आठ हिवाळे आम्ही नर मारले. मोटरसायकल माझा समवयस्क तुरारबेक चालवायचा आणि तिच्या शेजारी जोडलेल्या डब्यात बंदूक घेऊन मी बसायचो. किती मारले ते मी मोजलं नाही. मोजलं असतं तर बरं झालं असतं. आमच्यासारखे प्रत्येक वस्तीवर होते आणि तेही सगळे नियम पाळणारेच होते.

२००१ सालच्या मे महिन्यात माद्या नेहमीप्रमाणे घरासमोरच्या कुरणात आल्या. पूर्वी त्या हजारोंनी यायच्या. आठवड्याच्या आत सगळ्या विणीला बसायच्या आणि सकाळी दारात उभं राहिलं की गवत हलताना दिसायचं, वारा नसतानाही. त्या वर्षी दोनेकशे आल्या. चरल्या. उभ्या राहिल्या. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मी आणि माझी बायको उल्बिके रोज सकाळी दुर्बीण घेऊन छपरावर बसत होतो. एकोणीस दिवसांत आम्हाला सात पाडसं दिसली. बाकीच्या माद्या गाभण राहिल्याच नव्हत्या; आल्या तशाच निघून गेल्या.

मी म्हणालो, "मला कळत नाही. एकाही मादीला मी हात लावलेला नाही."

उल्बिकेने दुर्बीण खाली ठेवली. "आयांना तुम्ही सोडलंत खरं," ती म्हणाली, "पण सगळ्यांना विधवा करून सोडलंत, अहो."

त्यानंतर मी बंदूक उचलली नाही. पुढल्या वर्षी कुरणात एकही आली नाही. त्याच्या पुढल्या वर्षीही नाही.

सायगा गेल्या तर आपलं काय गेलं, असं तेव्हा बरेच जण विचारायचे. काय गेलं ते सांगतो. गवत खाणारं कोणी उरलं नाही, तेव्हा ते वाळून कमरेइतकं उभं राहिलं आणि ऑगस्टात विजेने पेटलं. चार दिवस जळत होतं. शेजारच्या येसिमच्या वस्तीचे दोन गोठे त्यात गेले. लांडग्यांना शिकार मिळेना, ते आमच्या शिंगरांवर आले. आखूड गवतात अंडी घालणाऱ्या टिटव्या दिसेनाशा झाल्या, आणि त्यांचं ओरडणं बंद झालं तेव्हा कळलं की वसंत ऋतू आला हे आम्ही त्यांच्यावरूनच ओळखत होतो. ओढून काढलेल्या एका धाग्याने अख्खी चटई उसवते, हे बायकांना ठाऊक असतं. मला घर जळायची वेळ आली तेव्हा कळलं.

२०१५ साली रोगाची साथ आली. दूरच्या कुरणांत तीन आठवड्यांत दोन लाखांवर सायगा मेल्या. अकमारल ती मढी पुरायला गेली होती. परत आल्यावर महिनाभर तिने मांस खाल्लं नाही. त्या साथीला मी जबाबदार नाही. पण भरल्या घरातली माणसं साथीने गेली तरी घर उरतं. आम्ही ते आधीच ओस पाडून ठेवलं होतं.

कलम चौथे. मोटरसायकल तुरारबेकला. तो समोर बसून हे लिहिताना बघतो आहे आणि मध्ये मध्ये बोलतो आहे.

"गाडी मी हाकली, गोळी तू मारलीस. पाप निम्मं निम्मं लिही."

"पाप शिंगांसारखं असतं रे. जोडीनेच येतं. तुझं पूर्ण, माझंही पूर्ण."

"मेल्या, मरता मरता तरी काही स्वस्तात दे!"

गाडी त्याने फक्त विहिरीचा पंप चालवायला वापरावी. पुढचं चाक मी काढून ठेवलं आहे. ते कुठे आहे हे कोणाला सांगणार नाही.

कलम पाचवे. माझा मेहुणा झानिबेक याने १९८३ साली माझं चांदीच्या कड्यांचं खोगीर एका दिवसासाठी नेलं. ते त्याला माफ. परंतु अंत्यविधीला त्याने त्यावर बसून येऊ नये.

कलम सहावे. दुर्बीण अकमारलला.

कलम सातवे. पेटीच्या तळाशी लोकरीत गुंडाळलेली शिंगांची एक जोडी आहे. मी मारलेला तो शेवटचा नर. ती मी त्या सोन्याच्या दाताच्या माणसाला दिली नाही. का दिली नाही, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. ही जोडी मी मुखितकडे अमानत म्हणून सोपवतो.

अकमारलकडे नाही, मुखितकडेच. तिच्याकडे ती सुरक्षितच राहिली असती, त्यात देण्यासारखं काय आहे? मुखित, आज त्या जोडीला काय भाव आहे ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. चूल मी तुला दिली नाही, पण ही दिली. विश्वास नाही म्हणून कुरण दिलं नाही, असं तुला वाटलं असेल. पीठ संपलं की चांगला माणूस काय करतो ते मी पाहिलं आहे, कारण तो माणूस मीच होतो. तुझी मुलं मोठी झाली की त्यांच्या हातात ती जोडी दे आणि आजोबाने काय केलं ते न लपवता सांग.

कलम आठवे आणि शेवटचे. हे नीट वाचावे.

गेल्या वर्षी मे महिन्यात सोळा वर्षांनी माद्या कुरणात परत आल्या. साधारण तीनशे. मला छपरावर चढवत नव्हतं, तर अकमारलने खालून ढकलून चढवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी वारा नव्हता आणि गवत हललं. मी रडलो. ते तिने पाहिलं आहे, म्हणून इथे लपवत नाही.

आमचं कबरस्तान कुरणापलीकडच्या टेकाडावर आहे. माझ्या सात पिढ्या तिथे आहेत. तिकडे जायची एकच वाट, कुरणाच्या मधोमध. वळसा घ्यायचा तर खारी दलदल, आणि मे महिन्यात तिथे ट्रॅक्टरही रुततो. मयतीला मूठभर माती द्यायला दोनशे माणसं येतात, पन्नास गाड्या येतात. पहिले काही दिवस पाडस गवतात दबून बसतं, चाक अंगावर आलं तरी हलत नाही. आया उधळल्या तर परत येतीलच असं नाही. खांद्यावरून नेऊ, पायी नेऊ, असंही कोणी सुचवू नये. दोनशे माणसं दबकत चालताना मी अजून पाहिलेली नाहीत.

तरी माझा मृत्यू मेच्या पाच ते पंचवीस तारखांच्या दरम्यान झाल्यास मला पलीकडे नेऊ नये. घराच्या मागे, गोठ्याच्या भिंतीला लागून पुरावं. गाड्या हमरस्त्यावरच थांबवाव्यात. जवळच्या दहा जणांनी यावं. बाकीच्यांनी माती चाळिसाव्या दिवसाच्या विधीला द्यावी. तोपर्यंत मी कुठे जात नाही.

हे वाचून तुरारबेकने टोपी काढली. "सात पिढ्यांना सोडून गोठ्यामागे? अरे, तीन-चार आठवडे कळ काढ की! जूनमध्ये मर, मी स्वतः तुला टेकाडावर नेतो."

मी प्रयत्न करीन. पण डॉक्टरने मला पंधरा दिवस सांगितले आहेत आणि काल संध्याकाळी पहिल्या माद्या ओढ्याशी दिसल्या.

उल्बिके बारा वर्षांपूर्वी गेली, तेव्हा तिच्या शेजारची जागा मी स्वतः मोजून, दगड लावून राखून ठेवली होती. तिथे दुसऱ्या कोणाला ठेवू नये, ती रिकामी राहू द्यावी. जूनमध्ये पाडसं आयांच्या मागे उत्तरेला निघून गेली, की अकमारलने टेकाडावर जावं, मृतांसाठी नेतात तशा सात पोळ्या तळून न्याव्यात आणि आईला सांगावं, की बाबा आले नाहीत, कारण या वेळी वाटेत पाडसं होती.

मुक्काम सारीकुदुक. शुक्रवार, ४ मे २०१८.

सही: सागिंदिक एस्पेनबेतउली

साक्षीदार १: मेन्सुलू, नर्स. लिहिणारा शुद्धीवर होता. औषध मात्र घेत नव्हता.

साक्षीदार २: तुरारबेक. पाप माझंही पूर्ण, हे मला मान्य.

वारस म्हणून खाली सही: मुखित सागिंदिकउली. सगळं वाचलं. शिंगं मिळाली. कुरण मागणाऱ्या त्या माणसाला नाही म्हणून कळवलं. खड्डा मी खणीन.