दुप्पट आणि वर्ग

९ मार्च १९८७, डिचोली
देसाई मास्तरांचं बारावीच्या रसायनाचं सदर आज आमच्या दैनिकात आलं. मजकूर त्यांचा, मराठी माझं. त्यांनी लिहिलेलं: समीकरण दुप्पट केलं की समतोल स्थिरांकाचा वर्ग होतो. उगाच जड वाटलं. उदाहरणात स्थिरांक २. वर्ग चार, दुप्पटही चार. मग ‘दुप्पट’च केलं. पाठशाळेतलं त्रैराशिक कुठे तरी कामी यायचंच.

११ मार्च
मास्तर सकाळीच दारात. हातात अंक, गुंडाळलेला.
“शास्त्रीबुवा, दोनाच्या जागी तीन घालून बघा.”
नऊ आणि सहा. चहा तसाच राहिला.
समीकरण दुप्पट केलं की प्रत्येक घातांक दुप्पट, म्हणून वर्ग. अर्धं केलं तर वर्गमूळ. उलटं केलं तर व्यस्त.
“राजभाषा मराठी की कोंकणी, ते तुम्ही पेपरवाले निस्तरा. माझा वर्ग तेवढा मला परत द्या.”
दुरुस्ती धाडली. कचेरी म्हणते जागा नाही, गोवा घटक राज्य होणार त्याच्या बातम्या आहेत. परवा शुभाचा बारावीचा रसायनाचा पेपर. भाची माझी, माझं छापलेलं सगळं वाचते.

१२ मार्च
खनिजाच्या ट्रकातून सुर्ल्याला, ताईच्या घरी. धोतर लाल. कात्रण शुभाच्या वहीत चिकटवलेलं! वर सरांशी भांडून आलेली.
“सर वर्ग म्हण्टात. हांवें सांगलें, म्हज्या मामान छापलां!”
काय अभिमान. सरळ सांगून टाकलं, मामा चुकला.
प्रिलिमला रसायन दोन गुणांनी गेलं होतं. पास झाली तर म्हापशाला बी.एस्सी., अडली तर धारगळचं स्थळ. ताईने तसा शब्दच देऊन ठेवलाय.
दहा गणितं करून घेतली. सात बरोबर, तीन माझ्या पद्धतीची.

१३ मार्च
पेपर सुटताना फाटकाशी उभा. प्रश्न आलाच. स्थिरांक ९, समीकरण अर्धं.
“काय लिहिलंस?”
“पयलीं साडेचार. मागीर खोडलें.”
“मग?”
“तीन बरयलें… दिसता. घांट जाली.”
“अगो, दिसता म्हणजे?”
“मामा, तुमी आतां उगी रावात.”


१६ मार्च
दुरुस्ती आली. आतल्या पानावर, शोकसंदेशांच्या खाली. योग्य जागा.
ट्रकवाल्याकडून ताईचा निरोप: धारगळवाले तारीख मागतायत, काय कळवूं?
लिहिलं, निकालापर्यंत थांब. चिठ्ठी दिली, परत मागून घेतली. चूक माझी होती, पोरीची नाही, असं काहीतरी खाली घालायचं… तीनदा खोडलं. ट्रकवाला हॉर्न वाजवतोय.