मठ्ठ्यात बुडालेला होकार

निजामपुरा, बडोदे
फेब्रुवारी २०१२

ती. सौ. सुनंदाआत्यास,

सलीलचा साष्टांग नमस्कार. इंदूरच्या थंडीत तुझे गुडघे फार कुरकुरत नसतील आणि आतोबांचं साखर सोडल्याचं नाटक अजून चालू असेल, असं धरून चालतो. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

आपल्या मंडळाचा वधूवर मेळावा रविवारी 'यशस्वीरीत्या पार पडला' (शब्द अध्यक्ष मोहनरावांचे, ते स्वतः पहिल्या रांगेत झोपले होते). यंदा सगळं संगणकावर होतं. स्थळाच्या नावापुढे होकार किंवा नकार दाबायचा, मत बदललं तर पुन्हा दाबायचं, आणि संध्याकाळी दोन्हीकडून होकार असेल त्या घरी निरोप जाणार. मोहनरावांच्या अमेरिकेतल्या भाच्याने सल्ला दिला की माहिती डिस्कवर नको, नुसती मेमरीत ठेवा, विजेच्या वेगाने चालतं. पस्तिशीपर्यंत थांबलेल्या मंडळींना उत्तर मात्र क्षणार्धात हवं, हे मला पटलंच.

पण मेमरीतलं सगळं वीज गेली की पुसलं जातं. म्हणून त्याची प्रत डिस्कवर कशी ठेवायची, हे ठरवायला कार्यकारिणी बसली. (त्यात संगणकाचं काम करणारा मी एकटा, त्यामुळे माझं मत सर्वांत शेवटी विचारलं.) मी म्हटलं, मार्ग दोन. एक, ठरावीक वेळी सगळ्या माहितीचा फोटो काढून ठेवायचा. मधलं गेलं तर गेलं. दुसरा, जो जे दाबेल ते तिथल्या तिथे क्रमाने लिहीत जायचं. काहीच हरवत नाही. त्यावर सरोजिनीताईंनी विचारलं, "म्हणजे कोणी कोणाला नाही म्हटलं, तेही कायमचं राहणार?" मी हो म्हणालो. आपल्यात नकार देतं कोण? आपण 'कळवतो' म्हणतो आणि कळवत नाही. लेखी नकार राहिले तर उद्या हळदीकुंकवाला कोणी कोणाकडे जाणार नाही, असं ठरून, मेळाव्यानंतर पुसून टाकता येणारा फोटो एकमताने मंजूर झाला. एक जेवणाआधी, एक संध्याकाळी. यूपीएस घेतला नाही, कारण बडोद्यात लाइट जात नाही असं धनाजीराव खजिनदारांचं ठाम मत.

लाइट खरंच गेली नाही. जेवणात मठ्ठा कमी पडला, आणि भोजनप्रमुख संपतरावांनी मिक्सर लावायला संगणकाचा प्लग काढला. मी किंचाळलो, तर म्हणाले, "अरे, पाछुं चालू तो थई गयुं ने!" संगणक पुन्हा चालू झाला, हे खरंच. फक्त तो जेवणाआधीच्या जगात जागा झाला.

त्या जगात तुमच्या गल्लीतल्या पूर्णिमाने मला नकार दिलेला होता. पण जेवणाच्या रांगेत तिने मला विचारलं होतं, "छंद वाचन लिहिलंत, शेवटचं काय वाचलंत?" मी खरं ते सांगितलं: गिझरचं माहितीपत्रक. ती इतकी हसली की पुरी खाली पडली. मग ती रांग सोडून संगणकाशी गेली आणि तिने होकार दाबला. पुढच्याच मिनिटाला मठ्ठा! ती तर इंदूरची गाडी गाठायला निघून गेली. मोहनराव म्हणतात, पुरावा दाखव. शिवाय नकार आलेल्या मुलीला मुलाने फोन करायचा नाही, हा मंडळाचा नियम. आई दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. मला काही फरक पडत नाही. तुझी करमणूक व्हावी म्हणून लिहिलं.

तुझा भाचा,
सलील

ता. क. : पूर्णिमा तुझ्याकडे भजनाला येते ना? तिला सहज विचारशील का? लगेच विचार, आत्या. मला ती फार आवडली आहे.

ता. क. दुसरा : होकारच दाबला, असं मी पाहिलेलं नाही. तिने काहीतरी दाबलं आणि माझ्याकडे बघून हसली. आपल्यात हसूनही नाही म्हणतात.

ता. क. तिसरा : नकार असेल तर लेखी कळवू नकोस. फोनही नको. तू विचारायला विसरलीस, असं मी समजेन.